ब्रेकच्या पाइपचं टोक आणि हरभऱ्याएवढी पितळी रिंग

आमच्या बाइकवाल्या ग्रुपवर परवा एकाने फोटो टाकला, रबरी ब्रेक पाइप काढून स्टीलच्या जाळीचा लावलाय आणि खाली लिहिलंय 'ब्रेकची पॉवर डबल'. त्यावर दुसऱ्याचा सल्ला, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळ म्हणजे गळणार नाही. दोघंही चुकले. पॉवर बिवर काही वाढत नाही, पास्कल शाळेत शिकलोय ना आपण, मास्टर सिलिंडर (लिव्हरजवळचा, तेलावर दाब देणारा) आणि कॅलिपर (चाकाजवळचा, डिस्कला चिमटणारा) तेच असतील तर जोरही तेवढाच. रबर दाबाखाली जरासं फुगतं, जाळीवाला पाइप कमी फुगतो, म्हणून लिव्हर कडक लागते, बास.

मला खरी मजा वाटते त्या पाइपच्या टोकाची. आत पांढरी टेफ्लॉनची नळी आणि तिच्यावर स्टेनलेस स्टीलच्या तारांची वीण. टेफ्लॉन म्हणजे तव्यावरचंच, १९३८ मध्ये रॉय प्लंकेटला अपघाताने सापडलेलं, त्याला काही चिकटत नाही. मग त्याला धातूचं टोक बसवायचं कसं?

तर नळी आणि जाळी टोकाशी एकमेकांपासून सोडवायच्या. पाइपवर घट्ट टेप मारून बारीक दाताच्या ब्लेडने कापायचा, नाहीतर तारा पिंजतात आणि बोटात अशा घुसतात की दोन दिवस आठवण राहते. आधी सॉकेट, म्हणजे बाहेरून बसणारं आट्यांचं टोपण, पाइपवर सरकवून ठेवायचं (मी पहिल्यांदा विसरलो, सगळं बसवून झाल्यावर टेबलावर सॉकेट दिसलं!). मग तारा फुलवून नळीवर ती पितळी रिंग चढवायची, म्हणजे रिंगच्या आत नळी, बाहेर जाळी. मग निपल, म्हणजे फिटिंगचं धातूचं पोकळ टोक, नळीच्या आत खुपसायचं आणि सॉकेट त्याच्यावर फिरवत आवळत न्यायचं. निपलला ब्रेक ऑइलच लावा, इंजिन ऑइल नको, त्याने ब्रेकमधली रबरी सील फुगतात.

आता आत काय होतं बघा. टेफ्लॉनची नळी निपल आणि रिंगच्या मध्ये चिमटली जाते. टेफ्लॉनला दाबलं की ते हळूहळू वाहतं, धातूवरचे बारीक ओरखडे भरून काढतं, म्हणजे गळती बंद. जाळी मात्र रिंग आणि सॉकेटच्या मध्ये अडकते, म्हणजे पाइप निसटत नाही. गळू न देणं एकाकडे, धरून ठेवणं दुसऱ्याकडे, आणि दोन्ही कामांच्या मध्ये एकच रिंग. पाइप मागे ओढला तर रिंगही सॉकेटच्या अरुंद बाजूकडे ओढली जाते, पाचरीसारखी, आणखी घट्ट. पण एकदा दबली की ती त्या आकाराची झाली, सोडून परत बसवायचं तर नवी रिंग घ्यायची.

जाळीची गंमत वेगळीच. फळवाल्याकडे पेरूला फोमची जाळी असते ती ओढून बघा, लांब होते आणि बारीक होते, दोन्हीकडून दाबली की आखूड आणि जाड. तारांची वीणही तशीच. दाबामुळे नळीच्या भिंतीत घेराच्या दिशेने जो ताण येतो तो लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो, त्यामुळे पाइपच्या अक्षाशी तारेचा जो कोन त्याच्या टॅन्जंटचा वर्ग २ आला की दोन्ही ताण तारांमध्येच बरोबर वाटले जातात. तो कोन सुमारे ५४.७ अंश. कोन कमी ठेवला तर दाब आल्यावर पाइप आखडतो, जास्त ठेवला तर लांबतो, आणि दोन्ही वेळा टोकावर फुकटची ओढाताण. आकडेमोड डोक्यावरून गेली तर पेरूची जाळी लक्षात ठेवा, पुरे.

राहिली टेफ्लॉन टेप. ती नळाच्या निमुळत्या आट्यांसाठी. इथे आटे फक्त आवळतात, सील होतं ते बॅन्जो बोल्ट (मधून तेल जाणारा पोकळ बोल्ट) ज्या गोल टोकातून जातो त्याच्या दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या वायसरवर, किंवा एएन फिटिंग (विमानांसाठी ठरलेल्या मापाचा जोड) असेल तर त्याच्या ३७ अंशात उतरत्या टोकावर. टेपचा तुकडा सुटून आत गेला तर ब्रेकच्या बारीक भोकात अडकू शकतो. हँडलला लिंबू-मिरची बांधली तर ती निदान तेलात तरी जात नाही.

मी स्वतः अशी टोकं ऑइल कूलरच्या पाइपला बसवतो. ब्रेकसाठी कारखान्यात टोकं प्रेस करून बसवलेला तयार पाइप घेतो. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे तसा पाइप ४००० पीएसआय (चौरस इंचावर इतके पौंड) दाबाला २ मिनिटं टिकावा लागतो आणि मशीनवर सलग ३५ तास हलवून बघतात. माझ्या बाकड्यावर नुसता व्हाइस आहे.