निकाल रद्द झाला म्हणजे ‘वंशभेद झालाच नाही’ असं नव्हे

अपील म्हणजे काय, हे कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या कुठल्याही घराला ठाऊक असतं. त्यावर शाई घालवत नाही. घोळ होतो तो न्यायिक पुनर्विलोकनापाशी, म्हणजे न्यायाधिकरणाचा निकाल टिकतो का एवढंच कोर्ट तपासतं तिथे. कॅनडात मानवाधिकार न्यायाधिकरणाने कामाच्या जागी वंशभेद झाल्याचा निष्कर्ष दिला आणि कोर्टाने तो उडवला, की लगेच ‘क्लीन चिट मिळाली’ अशी आवई उठते. ‘क्लीन चिट’ ऐकलं की माझं डोकंच फिरतं.

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या मानवाधिकार संहितेत तिथल्या न्यायाधिकरणाच्या निकालावर अपीलच ठेवलेलं नाही. डिव्हिजनल कोर्टात (प्रांतातलं वरचं कोर्ट) जायचं ते पुनर्विलोकनासाठी, आणि तिथे न्यायमूर्ती ‘भेदभाव झाला का?’ हे ठरवायला बसत नाहीत. समोरचा पुरावा आणि दिलेली कारणं पाहता हा निष्कर्ष वाजवी ठरतो का, एवढंच ते बघतात. स्वतः पहिल्यांदा ऐकलं असतं तर कदाचित उलट निकाल दिला असता. तरी निष्कर्ष वाजवी असेल तर हात लावायचा नाही. आपल्याकडे कामगार न्यायालयाच्या निवाड्यावर उच्च न्यायालयात रिट करणाऱ्यांना ही चाल ओळखीची वाटेल.

पीटर्स खटला बघा. २००८ साली ब्रॅम्प्टनच्या कोर्टात वकिलांच्या विश्रामकक्षात दोन कृष्णवर्णीय वकील आणि त्यांच्याबरोबरचा एक विद्यार्थी होते. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी ओळखपत्र मागितलं ते फक्त त्यांच्याकडे. कक्षातल्या इतरांकडे नाही. २०१० मध्ये न्यायाधिकरणाने याला भेदभाव ठरवलं. २०१२ मध्ये डिव्हिजनल कोर्टाने निकाल रद्द केला. त्याचा मोठा आक्षेप होता तो सिद्धतेची जबाबदारी तक्रारदारांऐवजी समोरच्या बाजूवर टाकल्याचा.

२०१३ मध्ये ऑन्टारिओच्या अपील न्यायालयाने न्यायाधिकरणाचा निकाल पुन्हा उभा केला. (हो, नावात ‘अपील’ आहे, पण तपास पुनर्विलोकनाचाच होता.) त्याचं म्हणणं असं: शेवटपर्यंत जबाबदारी तक्रारदाराचीच. पण प्रथमदर्शनी भेदभाव दिसला की खुलासा समोरच्याने द्यायचा, कारण ओळखपत्र का मागितलं हे मागणाऱ्यालाच ठाऊक. तो खुलासा न्यायाधिकरणाला पटला नाही, आणि न पटणं वाजवी होतं. भेदभाव झाल्याचं न्यायाधिकरण म्हणालं; अपील न्यायालयाने ते म्हणणं टिकतं एवढंच सांगितलं.

कायद्यानेच अपील दिलं असेल तर कसोटी बदलते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या वाविलोव्ह निकालापासून अशा अपिलात कायद्याच्या प्रश्नावर कोर्ट स्वतःचंच मत चालवतं. म्हणून आधी तो कायदा उघडून बघावा. फी, अर्जाचे नमुने वगैरे फरक वकील सांगेलच. मुदतीचं मात्र आजच विचारून ठेवा.

‘कोर्टात नवा साक्षीदार उभा करू’ हा हट्टही सोडा. पुनर्विलोकनात सहसा न्यायाधिकरणापुढे होतं तेच दप्तर चालतं. साक्षीदार आणायची वेळ तिथेच होती.