घरकुलाची यादी ग्रामसभेत, बाजाराची पावती मासिक सभेत: दोन सभांमधला फरक समजून घ्या

"ग्रामपंचायतीनं ठराव घेतला" असं आपल्या इकडं सगळेच बोलतात, पण कोणत्या सभेत घेतला हे फार कमी लोक विचारतात. ग्रामसभेत की मासिक सभेत? दोन्हीकडं अध्यक्ष सरपंच, दोन्हीकडं लिहायला ग्रामसेवक (२०२४ पासून पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं, पण गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात), जागाही पुष्कळदा तीच, मग माणसाला वाटते दोन्ही एकच. पण घरकुलात कोणाचं नाव राहील हे ग्रामसभेत बघतात, आणि बाजाराच्या दिवशी हातगाडीवाल्याकडून, पिकअपवाल्याकडून किती रुपयाची पावती फाडायची हे मासिक सभेत ठरते. आणि गावागावात होऊन काय राहिलं, तर घरकुलासाठी लोक सदस्याच्या घरी चकरा मारतात आणि पावतीचं भांडण ग्रामसभेत काढतात, म्हणजे दोन्ही कामं चुकीच्या ठिकाणी, आणि दोन्हीकडून हात हलवत वापस येतात. मला याची मनापासून चीड येते कारण यात नुकसान गरीब माणसाचंच होते.

आधी बसतं कोण ते सांगतो. ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस. १८ वर्षं पूर्ण झालेली, यादीत नाव असलेली तुमची पोरगी, तुमची म्हातारी आई, शेतमजूर, शिक्षक, सगळे. तिथं हात वर करायचा हक्क सगळ्यांचा सारखा. मासिक सभा म्हणजे फक्त निवडून आलेले, सरपंच आणि ७ ते १७ सदस्य, गावाच्या लोकसंख्येप्रमाणं जितके असतील तितके. नावाप्रमाणं ती महिन्यातून एकदा तरी घ्यावीच लागते. तिथं मत देता येते ते सदस्यालाच, तुम्हाला आम्हाला नाही. कोरम, म्हणजे सभेला कमीत कमी लागणारी हजेरी, तीही वेगळी, मासिक सभेला निम्मे सदस्य लागतात, ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० लोक, यातला जो आकडा कमी तो.

आता घरकुल. हा भाग नीट वाचा.

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ ला आली, त्याआधी इंदिरा आवास होती. सपाट भागात घरामागं १ लाख २० हजार, डोंगराळ आणि नक्षलग्रस्त भागात १ लाख ३० हजार, वरून रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची मजुरी आणि संडासाचे १२ हजार वेगळे. पैसा केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के, हप्त्यानं सरळ बँक खात्यात येतो. म्हणजे सरपंचाच्या किंवा सदस्याच्या खिशातून एक रुपया जात नाही, हे आधी डोक्यात ठेवा, कारण "मी तुले घरकुल देल्लं" असं कोणी म्हणालं तर ते खरं नाही. अनुसूचित जातीसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, ओबीसींसाठी २०२३ पासून मोदी आवास, या राज्याच्या योजना वेगळ्या.

नाव कुठून येते? आधी २०११ च्या सामाजिक आर्थिक जनगणनेतून यादी आली, त्यात ज्यांची नावं सुटली त्यांचा २०१८ च्या आसपास आवास प्लसमधी सर्व्हे झाला, तीच आपल्याकडं "ड यादी" म्हणतात. आता आवास प्लसचा नवीन सर्व्हे मोबाईल ॲपवर झाला. ही यादी ग्रामसभेसमोर वाचायची राहते, आणि इथंच ग्रामसभेची ताकद आहे: पक्कं घर असलेला, गाव सोडून गेलेला, वारस नसलेला मयत माणूस, अशी नावं कारण लिहून ती कमी करू शकते, एका गटातली जास्त गरजू नावं वर घेऊ शकते. मनानं नवीन नाव मात्र घुसवता येत नाही, त्याला सर्व्हेच लागतो. म्हणून ज्याचं नाव सर्व्हेतच नाही त्यानं ग्रामसभेत भांडून काही होत नाही, आणि ज्याचं नाव यादीत होतं पण कमी झालं त्यानं मात्र नक्की भांडावं, कोणत्या ठरावात कमी केलं, कारण काय लिहिलं, हे विचारावं. कारण पटलं नाही तर गटविकास अधिकाऱ्याकडं अर्ज, आणि तिथूनही पुढं जिल्हा पातळीवरची अपील समिती आहे.

"माह्यं नाव काऊन कटलं?" हा प्रश्न मी कित्येक बाया-माणसांच्या तोंडून ऐकला, आणि उलटून विचारलं की ज्या ग्रामसभेत यादी वाचली तिथं होत्या का, तर उत्तर येते "आम्हाले कोणी सांगतलंच नाही" किंवा "वावरात होतो". दोन्ही खरं राहते. सोयाबीनची सवंगणी चालू असताना, कापसाच्या वेचणीत, मजुरी सोडून कोण बसणार तीन तास? कोरम होत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला कोरमची अट राहत नाही. मग पंधरा-वीस लोकांत यादी वाचली जाते, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. कायद्यानं बरोबर, पण ज्याचं घर पावसात गळते तो त्या खोलीत नव्हता. म्हणून तहकूब सभेची तारीख विचारून ठेवा, ती पहिल्या सभेपेक्षा महत्त्वाची आहे. ग्रामसभेआधी महिला सभाही घ्यायची राहते, घरकुलाचा विषय तिथं बायांनी आधीच काढला तर पुढच्या सभेत तो दाबणं कठीण जाते.

आणि एक, नाव यादीत असूनही जागा नावावर नसली की घरकुल अडकते. वऱ्हाडात ई-क्लासवर, म्हणजे सरकारी गायरान जमिनीवर, दोन-दोन पिढ्या राहणारी घरं आहेत, त्यांचं हेच दुखणं. ज्याच्याजवळ जागाच नाही त्याच्यासाठी पंडित दीनदयाल उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे, त्यात एक लाखापर्यंत मिळतात. अर्ज ग्रामपंचायतीतूनच जातो, पण लोकांना माहीत नसते.

आता दुसरी बाजू, वसुली.

कर आणि फी लावायचा अधिकार पंचायतीचा, म्हणजे मासिक सभेचा. १९५८ च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत कायद्यात कलम १२४ आहे, त्यात काय काय वसूल करता येते याची यादीच दिली: घर आणि जमीन, यात्रा, जत्रा, सायकल, जनावरानं ओढायच्या गाड्या, दुकान, आठवडी बाजार, बैलगाडी आणि टांगा उभा करायची जागा, सार्वजनिक जागेचा तात्पुरता वापर, असं. यात मोटारगाडीवरचा कर नाही. तो राज्य सरकारचा, आरटीओतून घेतात. म्हणून बाजारात कांदे-लसणाची पिकअप उभी करून डाल्यातून विकणाऱ्याकडून पंचायत जी पावती घेते ती जागेची फी आहे. पंचायतीची जागा, पंचायतीचा बाजार, तिथं ती घेऊ शकते. पण गावातून जाणाऱ्या राज्य मार्गावर बांबू आडवा लावून येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीकडून "प्रवेश फी" घ्यायचा अधिकार कोणत्याच ग्रामपंचायतीला नाही, ठराव केला तरी नाही. टोल लावायचा की काढायचा हे वर ठरते. १ जून २०१५ पासून राज्यातले १२ टोलनाके बंद झाले आणि ५३ नाक्यांवर लहान गाड्यांना आणि एसटीला सूट मिळाली, तो राज्य सरकारचा निर्णय होता.

रेतीच्या टिप्परचं म्हणाल तर लोकांचा राग मला शंभर टक्के समजतो. रस्ता बनून सहा महिने होत नाही तर खड्डे, धूळ, रात्रभर आवाज, शाळेच्या पोरांच्या जीवाला धोका. "टिप्परवर गावानं टॅक्स लावावा" हे प्रत्येक ग्रामसभेत कोणीतरी म्हणतेच. पण वर सांगितलं तेच, गाडीवर टॅक्स ना ग्रामसभा लावू शकते ना मासिक सभा. त्यापेक्षा ओव्हरलोडची तक्रार आरटीओकडं, विनापरवाना रेतीची तहसीलदाराकडं, आणि रस्ता जिल्हा परिषदेचा असेल तर तिथल्या बांधकाम विभागाकडं, असे तीन अर्ज ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल जोडून दिले तर निदान कागद हलतो.

बाजाराची वसुली पंचायत स्वतः करते किंवा वर्षाचा हर्रास करून ठेकेदाराला देते. दर मासिक सभेतल्या ठरावात लिहिलेले राहतात आणि ठेकेदाराला त्याच दरानं घ्यायचे राहतात. भाजीवाली बाई बिचारी टोपलं घेऊन बसते, तिच्याकडून दहाच्या जागी वीस घेतले आणि पावती दिली नाही तर ग्रामसभेत आरडाओरडा करून फारसं निघत नाही. दरपत्रक मागा, ते बाजारात बोर्डावर लावा म्हणून लेखी अर्ज द्या, आणि आपल्या वॉर्डाच्या सदस्याला पुढच्या मासिक सभेत विषय घ्यायला लावा. तो सदस्य त्याच कामासाठी निवडून दिला.

गंमत म्हणजे एकच घर दोन्ही सभांमधून जाते. यादी ग्रामसभेत, आणि पक्कं घर उभं झालं की त्याची नमुना ८ ला, म्हणजे घरटॅक्स आकारणीच्या वहीत, नोंद होऊन घरटॅक्स बसतो तो पंचायतीकडून. आकारणी चार वर्षांनी होते, दर वाढवायचा तर आधी नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात. ती नोटीस पंचायतीच्या बोर्डावर लागते आणि तिथंच पिवळी पडते, कोणी वाचत नाही, मग बिल आलं की कल्ला. हरकत त्या मुदतीतच द्या, लेखी द्या, पोच घ्या. तरी आकारणी चुकीची वाटली तर पंचायत समितीकडं अपील करता येते.

पेसा भागातली, म्हणजे आदिवासी गावांच्या ग्रामसभांसाठी वेगळा कायदा असलेल्या भागातली, गोष्ट थोडी वेगळी आहे. गडचिरोलीत, मेळघाटात, चंद्रपूर-यवतमाळच्या काही तालुक्यांत १९९६ चा पेसा कायदा आणि २०१४ चे महाराष्ट्राचे नियम लागू आहेत, तिथं पाड्याची, टोल्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते आणि तिचं वजन जास्त आहे. गौण खनिजाला तिची शिफारस लागते, गावच्या बाजारावरही तिचा हक्क सांगितला आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा सगळ्यांना माहीत आहे, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथलीच. तिथले लोक वर्षानुवर्षं बसून, चर्चा करून, एकमतानं निर्णय घेत आले, म्हणून त्यांच्या ग्रामसभेला कोणी हलक्यात घेत नाही. मला तर वाटते बिगर पेसा गावांनीही निदान घरकुलापुरतं तेवढं बसावं.

शेवटचं कामाचं. पंचायतीत गेल्यावर नुसतं "ठराव दाखवा" म्हणू नका, कारण दोन्ही सभांचं प्रोसिडिंग बुक वेगळं राहते आणि तुमच्यासमोर दुसरंच उघडून ठेवतील. घरकुलासाठी गेले तर ग्रामसभेचं इतिवृत्त मागा, बाजार फी किंवा घरटॅक्ससाठी गेले तर मासिक सभेचं. तारीख आणि ठराव क्रमांक लिहून घ्या, नक्कल पाहिजे असेल तर अर्ज द्या, देत नसतील तर माहितीच्या अधिकारात मागा. पंचायत समितीत कोणताही अर्ज घेऊन गेले की साहेब पहिले हेच विचारतात, कोणती सभा, कोणती तारीख, कोणता नंबर.