मॅल्कम इन द मिडल

अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवर ९ जानेवारी २००० ते १४ मे २००६ या काळात दाखवली गेलेली विनोदी दूरचित्रवाणी मालिका. सात पर्वे, १५१ भाग. निर्माता लिनवुड बूमर याने ती स्वतःच्या बालपणावरून बेतली होती.

मॅल्कम (फ्रँकी म्युनिझ) हा १६५ बुद्ध्यांकाचा मुलगा. थोरला फ्रॅन्सिस वांडपणापायी लष्करी शाळेत धाडलेला, त्यामुळे घरी उरलेल्या तिघांत दांडगट रीस आणि धाकटा ड्यूई यांच्या मध्ये मॅल्कम. नावातले ‘मिडल’ ते हे. (पुढे जेमी जन्मला आणि हा हिशेब बिघडला, पण तोवर नाव रुळले होते.) हुशार मुलांच्या वेगळ्या वर्गात टाकल्याचा मॅल्कमला अभिमान कमी आणि ताप जास्त. कंटाळला की तो थेट कॅमेऱ्याकडे वळून प्रेक्षकांपाशी गाऱ्हाणे मांडतो.

आई लोइस (जेन काझमारेक) ‘लकी एड’ नावाच्या दुकानात नोकरी करते. तिचा आवाज चढला की चारही पोरे एकमेकांवर ढकलाढकली करू लागतात. बाप हॅल (ब्रायन क्रॅन्स्टन) ऑफिसला जातो खरा, पण पंधरा वर्षे दर शुक्रवारी त्याने कामाला दांडी मारल्याचे पुढे उघड होते आणि कंपनीतल्या गैरव्यवहाराचा आळ त्याच्यावर येतो तेव्हा, ती कृत्ये शुक्रवारची असल्याने, कोर्टात त्याच दांडीने तो सुटतो. पहिल्याच भागात न्याहारीच्या वेळी, पोरांसमोर, लोइस स्वयंपाकघरात हॅलच्या पाठीवरचे केस काढत असते. या घरात आडपडदा परवडत नाही.

अमेरिकी मालिकांतील गरिबी बहुधा जुन्या सोफ्यावर संपते. इथे महिन्याची तोंडमिळवणी हेच कथेचे इंजिन आहे: एक वस्तू बिघडली की तिच्यामागे दहा बिघडतात. एका भागाच्या सुरुवातीला हॅल गेलेला बल्ब बदलायला निघतो. बल्ब ठेवलेली फळी हलते म्हणून स्क्रूड्रायव्हर शोधतो, तर ड्रॉवर करकरतो. तेलाचा डबा रिकामा. तेल आणायला जावे तर गाडी सुरू होत नाही. लोइस येऊन बल्ब बदलायला सांगते तेव्हा तो गाडीखालून बाहेर येत ओरडतो, मग मी दुसरे काय करतोय! हा प्रसंग मिनिटभराचा आहे आणि मालिका कळायला तेवढा पुरे.

त्या काळच्या बहुतेक विनोदी मालिका प्रेक्षकांसमोर, अनेक कॅमेऱ्यांनी चित्रित होत. ही एकाच कॅमेऱ्याने चित्रित झाली आणि तिच्यात मागून वाजणारे हशे नव्हते. हसायचे कुठे हे प्रेक्षकाने ठरवायचे. ‘दे माइट बी जायंट्स’ या बँडच्या शीर्षकगीताला २००२ मध्ये ग्रॅमी मिळाले, तर लोइसच्या खाष्ट आईच्या भूमिकेसाठी क्लोरिस लीचमनला २००२ आणि २००६ मध्ये एमी. क्रॅन्स्टनला पुढे ‘ब्रेकिंग बॅड’ने (२००८) जगभर ओळख दिली, पण अंगाला कसलीही लाज न ठेवणारा नट तो हॅलमध्येच दिसला होता.

शेवटच्या भागात मॅल्कमकडे भरपूर पगाराची नोकरी चालून येते आणि लोइस ती परस्पर नाकारते. तू राष्ट्राध्यक्ष होणार आहेस, तेही आमच्यासारख्यांचे हाल सोसून, असे ती त्याला सुनावते. मॅल्कम हार्वर्डला जातो आणि तिथेच फरशा पुसून फीचे पैसे जमवतो. इकडे लोइसला पुन्हा दिवस गेलेले असतात.