गिटार अ‍ॅम्प्लिफायरसाठी स्पीकरची निवड

इलेक्ट्रिक गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधील स्पीकर ध्वनी जसाच्या तसा ऐकवण्यासाठी बनवलेला नसतो. तो वाद्याचाच एक भाग असतो. त्याचा मुख्य प्रतिसाद साधारण ७५ ते ५,००० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात असतो (सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो) आणि डिस्टॉर्शनमुळे, म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या आवाजामुळे, उमटणारी वरच्या पट्टीतली खरखर त्यामुळेच गाळली जाते. तोच ध्वनी पूर्ण पट्ट्याच्या स्पीकरवर ऐकला, तर पत्र्यावर कानस घासल्यासारखा लागतो.

खरेदी करताना बहुतेकांची नजर आधी वॉटच्या आकड्यावर जाते. हा आकडा स्पीकर किती शक्ती सोसू शकतो एवढेच सांगतो. आवाज किती मोठा येईल हे संवेदनशीलतेवर, म्हणजे १ वॉट दिल्यावर १ मीटरवर मिळणाऱ्या डेसिबलवर ठरते. ९७ डेसिबलच्या जागी १०० डेसिबलचा स्पीकर बसवणे हे अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट करण्यासारखे असते. तरीही वॉटकडे दुर्लक्ष करून चालत नाही, कारण व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात वाजवला की नोंदलेल्या शक्तीपेक्षा बरीच जास्त शक्ती देतो.

इम्पीडन्सबाबत, म्हणजे स्पीकर विद्युतप्रवाहाला करत असलेल्या ओहममधल्या विरोधाबाबत, मात्र आवडीनिवडीला जागा नाही. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडल्यास ४ ओहम, एकसरीत जोडल्यास १६ ओहम होतात, आणि हा एकूण इम्पीडन्स अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे लिहिलेल्या आकड्याशी जुळलाच पाहिजे. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर न जोडता वाजवल्यास त्यातला आउटपुट ट्रान्सफॉर्मर (स्पीकरकडे शक्ती पोहोचवणारा भाग) जळू शकतो.

यानंतर प्रश्न उरतो तो नादाचा. व्हॉक्स एसी३० या अ‍ॅम्प्लिफायरमुळे नावाजलेला, सेलेस्टियन या स्पीकर कंपनीचा अल्निको (अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट असलेला मिश्रधातू) चुंबकाचा ‘ब्लू’ १५ वॉटचा आहे, तर सिरॅमिक चुंबकाचा ‘ग्रीनबॅक’ २५ वॉटचा आणि ‘व्हिंटेज ३०’ नावात ३० असूनही ६० वॉटचा आहे. केवळ चुंबकावरून नाद ठरवणे घाईचे होईल. कागदी शंकूची जाडी, त्याच्या कडेची घडी आणि व्हॉइस कॉइल (शंकू हलवणारी तारेची गुंडाळी) यांचाही त्यात मोठा वाटा असतो. कॅबिनेटही तितकेच महत्त्वाचे: मागून उघडे असले तर आवाज खोलीभर पसरतो, बंद असले तर खालचे स्वर घट्ट होतात आणि आवाज समोर रोखला जातो.

तुलना नेहमी एकाच जागी उभे राहून करावी. शंकूच्या अगदी समोर कान नेला की वरचे स्वर टोचतात, थोडे बाजूला सरकताच तोच स्पीकर मवाळ वाटतो. नवा स्पीकर सुरुवातीला ताठर असतो; काही तास वाजल्यावर शंकूची कड सैल होते, म्हणून पहिल्याच दिवशी तो नापसंत करू नये.