फारोचा हट्ट आणि इस्राएलांची सुटका

हिब्रू बायबलमधील ‘निर्गम’ या ग्रंथाच्या पाचव्या ते चौदाव्या अध्यायांत येणारी कथा. मिसरचा (इजिप्तचा) राजा, म्हणजे फारो, गुलाम इस्राएल लोकांना सोडायला तयार नसतो. पीडेमागून पीडा कोसळते, तो वचन देतो आणि मोडतो. दहाव्या पीडेच्या मध्यरात्री मात्र इस्राएलांचा नेता मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन यांना बोलावून तो सर्वांना निघून जायला सांगतो. यहुदी, ख्रिस्ती आणि मुस्लिम परंपरांमध्ये या नकाराचा आणि सुटकेचा अर्थ शतकानुशतके लावला जात आहे.

कथेच्या मुळाशी श्रम आहेत. पूर्वी मिसरचा कारभार पाहणाऱ्या योसेफ या इस्राएली पुरुषाला न ओळखणारा नवा राजा गादीवर येतो, इस्राएलांच्या वाढत्या संख्येला भितो, त्यांच्यावर मुकादम नेमतो आणि पिथोम व रामसेस ही कोठारांची नगरे त्यांच्याकडून बांधून घेतो. त्यांचे नवजात मुलगे मारण्याचा हुकूमही तोच देतो. शिप्रा आणि पुवा या सुइणी तो हुकूम पाळत नाहीत, तेव्हा मुलगे नदीत टाकण्याची आज्ञा सर्व प्रजेला होते. हा राजा पुढे मरतो. मोशे ज्याच्यासमोर उभा राहतो तो त्याच्यानंतरचा फारो, पण वेठबिगारी तशीच चालू असते.

मोशेची पहिली मागणी लहान आहे: रानात तीन दिवसांच्या वाटेवर जाऊन परमेश्वरासाठी यज्ञ करू द्यावा. ‘हा परमेश्वर कोण, की मी त्याचे ऐकावे?’ असे फारो विचारतो. त्याच दिवशी तो विटांसाठी दिला जाणारा पेंढा बंद करतो आणि विटांची संख्या मात्र तेवढीच ठेवतो. सुट्टी मागणारे लोक आळशी आहेत, असे त्याचे म्हणणे. गुलामगिरी चालवणाऱ्याची नजर या प्रसंगात जितकी उघडी पडते तितकी पुढच्या चमत्कारांत पडत नाही.

पीडांचा क्रम असा: नदीच्या पाण्याचे रक्त, बेडूक, उवा, गोमाशा, गुरांची मरी, फोड, गारा, टोळ, अंधार आणि ज्येष्ठ अपत्यांचा मृत्यू. पहिल्या दोन पीडांची नक्कल राजाचे जादूगार करतात. तिसरी त्यांना जमत नाही आणि ते राजालाच सांगतात की हे देवाचे बोट आहे. फोडांच्या वेळी ते मोशेपुढे उभेही राहू शकत नाहीत. गुरे मरतात तेव्हा फारो माणसे पाठवून खात्री करून घेतो. इस्राएलांचे एकही जनावर मेलेले नसते. म्हणजे त्याच्याकडे माहितीची उणीव होती असे नाही. माहिती होती, तरी तो हलला नाही.

त्याच्या वागण्याची एक रीत आहे. संकट अंगावर असताना तो नमतो, मोशेला प्रार्थना करायला सांगतो आणि संकट टळताच पुन्हा ताठ होतो. बेडूक गेले, थोडी उसंत मिळाली आणि मन कठीण झाले, असे ग्रंथ स्पष्ट म्हणतो. गारांच्या वेळी तो ‘या वेळी मी पाप केले’ असेही कबूल करतो. जवस आणि सातू झोडपून निघालेले असतात, पण गहू आणि खपली उशिरा येणारी पिके असल्याने वाचतात. गारा थांबतात आणि कबुली विरते.

याच काळात तो घासाघीस करतो. यज्ञ इथेच करा. बरे, रानात जा, पण फार लांब नको. टोळ येणार म्हटल्यावर दरबारीच त्याला विनवतात, मिसर बुडाला हे अजून कळत नाही का? तेव्हा तो फक्त पुरुषांना सोडायला तयार होतो. अंधारानंतर मुलाबाळांनाही सोडतो, मात्र गुरेढोरे मागे ठेवायची. प्रत्येक सवलतीत काहीतरी ओलीस राहते, म्हणजे परत यावेच लागेल. मोशे उत्तर देतो की एक खूरही मागे राहणार नाही. संतापून फारो त्याला बजावतो की पुन्हा माझ्यासमोर आलास तर मरशील.

दहाव्या पीडेने जे घडवले ते आधीच्या नऊंनी का घडवले नाही? ती अधिक भयंकर होती, हे उत्तर खरे आहे पण अपुरे आहे. बेडूक, गोमाशा, गारा, टोळ या पीडा मोशेच्या प्रार्थनेने मागे घेता येत होत्या, म्हणून वचन देऊन वेळ मारून नेता येत होती. मेलेले मूल परत येत नाही. टाळण्यासारखे काही उरले नाही, म्हणून सौद्यालाही जागा उरली नाही. शिवाय आता राजा एकटा पडला होता. जादूगार आधीच हरले होते, दरबारी विनवून थकले होते आणि त्या रात्री प्रजाच इस्राएलांना घाईने हाकलू लागली, कारण मेलेले माणूस नाही असे घर मिसरात उरले नव्हते. फारो सगळ्यांना, गुराढोरांसह, जायला सांगतो आणि जाता जाता मलाही आशीर्वाद द्या म्हणतो.

या शिक्षेचे बीज कथेत आधीच पेरलेले आहे. इस्राएल माझा ज्येष्ठ पुत्र आहे, त्याला सोडले नाहीस तर तुझा ज्येष्ठ पुत्र मारीन, असा निरोप मोशेला सुरुवातीलाच मिळतो. तरीही जात्यावर दळणाऱ्या दासीचे आणि कोठडीतल्या कैद्याचे मूलही त्यात गेले, ही गोष्ट वाचकाला छळते आणि छळावीच. कथेनेही ती लपवलेली नाही.

सुटका झाली म्हणजे फारोचे मन पालटले असे मात्र नाही. चौदाव्या अध्यायात तो आणि त्याचे सेवक हळहळतात की आपल्या चाकरीतून इस्राएलांना का जाऊ दिले, आणि सहाशे निवडक रथ घेऊन तो पाठलागाला निघतो. सैन्य समुद्रात बुडते. हळहळ मेलेल्या मुलांची नाही, गेलेल्या मजुरांची आहे.

सर्वाधिक वाद झाला तो दुसऱ्याच प्रश्नावर. परमेश्वराने फारोचे मन कठीण केले असे ग्रंथ अनेकदा म्हणतो. मग दोष कोणाचा? नीट वाचले तर पहिल्या पाच पीडांत फारोचे मन कठीण होते किंवा तो स्वतः ते कठीण करतो. देवाने ते केल्याचा उल्लेख प्रत्यक्ष घटनाक्रमात प्रथम सहाव्या पीडेत येतो, जरी देवाने तसे आधीच सांगून ठेवलेले असले तरी. मिद्राशमध्ये, म्हणजे बायबलवरील जुन्या यहुदी भाष्यांत, रेश लाकिश या धर्मगुरूचे मत आहे की देव एकदा, दोनदा, तीनदा बजावतो आणि तरी न ऐकणाऱ्याचे मन मग बंद करतो. बाराव्या शतकात यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीसने हाच विचार पुढे नेला: पश्चात्तापाची वाट बंद होणे हीच आधीच्या, स्वेच्छेने केलेल्या अत्याचाराची शिक्षा. ख्रिस्ती परंपरेत प्राचीन धर्मपंडित ओरिजेनने ऊन मेणाला वितळवते आणि चिखलाला कडक करते असा दाखला दिला. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या (‘नव्या करारा’तील) पत्रात मात्र देवाच्या सार्वभौम इच्छेवर भर दिला. डच विद्वान इरॅस्मसने १५२४ मध्ये इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने लिहिले आणि १५२५ मध्ये जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने त्याला उत्तर दिले, त्या वादातही फारो मध्यवर्ती होता. मायमोनिडीसचे स्पष्टीकरण मूळ कथेच्या क्रमाशी सर्वाधिक जुळते, कारण फारोला नकाराची सवय आधी लागलेली दिसते.

कुराणात मांडणी वेगळी आहे. सूरह (अध्याय) अल-आराफमध्ये पूर, टोळ, उवा, बेडूक आणि रक्त या संकटांचा उल्लेख असून, संकट टळल्यास बनी इस्राईलला (इस्राएलांना) पाठवू हे वचन मोडले जाते. राजाची परवानगी मिळतच नाही. मूसाला (मोशेला) रात्रीच लोकांना घेऊन निघण्याचा आदेश येतो. सूरह यूनुसमध्ये बुडता बुडता फिरऔन (फारो) ईमान आणतो, म्हणजे देवावर विश्वास ठेवतो, तेव्हा ‘आता?’ असा प्रश्न त्याला केला जातो.

या सुटकेच्या स्मरणार्थ यहुदी पाळतात त्या वल्हांडण सणात, म्हणजे पेसाहात, ही कथा दरवर्षी हगादा या सणाच्या पाठपुस्तकातून वाचली जाते. पीडांची नावे घेताना पेल्यातील द्राक्षारसाचे थेंब काढून टाकण्याची प्रथा आहे. शत्रूच्या दुःखाने आपला आनंद उणावतो असा तिचा अर्थ सांगितला जातो. कोकणातून मुंबई-पुण्यात आलेल्या बेने इस्राएल या मराठीभाषक यहुदी समाजासाठी मराठी भाषांतरासह सचित्र हगादा १८७४ साली पुण्यात छापला गेला.

इतिहासाच्या दृष्टीने या घटनांची नोंद करणारा मिसरी लेख मिळालेला नाही, आणि ‘निर्गम’ फारोचे नाव देत नाही. रामसेस या नगरनावामुळे दुसरा रामसेस (इ.स.पू. तेरावे शतक) हा तर्क पुष्कळांनी केला आहे. ‘इस्राएल’ हे नाव असलेला, सर्वसाधारणपणे सर्वांत जुना मानला जाणारा मिसरी शिलालेख त्याचा मुलगा मर्नेप्ताह याचा, इ.स.पू. १२०८च्या सुमाराचा आहे. त्यात इस्राएल हा कनान प्रदेशात (आजच्या इस्राएल-पॅलेस्टाईनच्या परिसरात) पराभूत केलेला एक लोकसमूह म्हणून येतो.