पणमर्यादा (अमेरिकेतील पोकर कक्ष)

परवानाधारक पोकर कक्षात खेळाडूने एका वेळी किती रक्कम लावावी, यावर राज्याच्या कायद्याने घातलेले बंधन. अमेरिकेत जुगाराचे नियम मुख्यतः राज्ये ठरवतात, त्यामुळे देशभर एकच मर्यादा नाही. नेवाडात राज्याने अशी मर्यादा घातलेली नाही. साउथ डकोटा, कोलोराडो, फ्लोरिडा यांनी मात्र जुगाराला परवानगी देतानाच पणाला कात्री लावली.

मर्यादा तीन ठिकाणी घालता येते: एका पणावर, डावात जमणाऱ्या एकूण रकमेवर म्हणजे पॉटवर, किंवा टेबलावर बसताना पैसे देऊन घ्यायच्या चिप्सवर (पैशांऐवजी वापरायच्या चकत्यांवर), म्हणजे बाय-इनवर. हेतू एकच असला तरी खेळ तिन्हींत निराळा होतो. फ्लोरिडाने तिन्ही प्रकार करून पाहिले. तिथे १९९६च्या कायद्याने घोड्यांच्या व कुत्र्यांच्या शर्यतींच्या मैदानांवर पत्त्यांचे कक्ष उघडायला परवानगी मिळाली, पण पॉट १० डॉलरच्या वर जायचा नाही, ही अट होती. घरगुती डावांसाठीही त्या राज्यात हाच आकडा आहे. पॉट दहावर पोचला की पत्ते उघडायचे बाकी असले तरी पैसे लावणे थांबे; याला पोकर म्हणणे जरा धाडसाचेच. २००३मध्ये पॉटची अट जाऊन प्रत्येक पणाला २ डॉलर आणि एका फेरीत जास्तीत जास्त तीन वाढी, म्हणजे आधीच्या पणापेक्षा जास्त लावणे तीनदाच, असा नियम आला. २००७मध्ये एका पणाची मर्यादा ५ डॉलर झाली. शिवाय नो-लिमिट, म्हणजे समोरच्या सगळ्या चिप्स एकदम लावता येणाऱ्या खेळालाही मुभा मिळाली, पण बाय-इन १०० डॉलरपर्यंतच. १ जुलै २०१० पासून या मर्यादा उठल्या.

छोट्या पणाचा सर्वांत मोठा फटका ब्लफला, म्हणजे कमकुवत पत्ते असताना पैसे लावून समोरच्याला डाव सोडायला लावण्याच्या चालीला बसतो. समजा पॉटमध्ये ३० डॉलर आहेत आणि शेवटी कुणी ५ लावले. समोरच्याला ५ टाकून ३५ मिळण्याची संधी आहे. आठांत एकदा जरी तो जिंकला तरी त्याचे नुकसान नाही. मग तो पत्ते टाकेल कशाला? परिणामी बरेच जण शेवटपर्यंत डावात राहतात आणि प्रतिस्पर्ध्याला दबावाने बाहेर काढण्याचे कौशल्य निरुपयोगी ठरते. कक्षाचा रेक, म्हणजे पॉटमधून कापला जाणारा हिस्सा, बहुधा टक्क्यांत असतो व त्याला वरची मर्यादा असते. छोटे पॉट त्या मर्यादेपर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे त्यांतून पुरती टक्केवारी कापली जाते. खेळाडूचा खिसा वाचवण्यासाठी घातलेल्या अटीत त्याच्या पैशाचा मोठा वाटा कक्षाकडे जातो. शिवाय कायदा एका पणाकडे पाहतो. तासन्‌तास बसून हरलेल्या रकमेचा हिशेब त्यात येत नाही.

तरीही ही अट टिकली, कारण मतदारांना जुगार पटवून देताना ती उपयोगी पडे. साउथ डकोटातील डेडवुड या जुन्या खाणगावात १९८९मध्ये ५ डॉलरच्या पणाने सुरुवात झाली; मिळणारा कर जुन्या इमारतींच्या जतनासाठी वापरायचा होता. कोलोराडोने तोच कित्ता गिरवला. १९९०च्या मतदानानंतर १ ऑक्टोबर १९९१ला ब्लॅक हॉक, सेंट्रल सिटी आणि क्रिपल क्रीक या खाणगावांत ५ डॉलरचीच मर्यादा लागू झाली. २००८मध्ये मतदारांनी १०० डॉलरला मान्यता दिली, ती जुलै २००९पासून अमलात आली. २०२०च्या दुरुस्तीने निर्णय गावांवर सोपवला आणि १ मे २०२१ पासून तिन्ही गावांत पणाची कमाल मर्यादा राहिली नाही.

आदिवासी जमातींच्या भूमीवरील कसिनोंनाही हे बंधन चुकत नाही. १९८८च्या संघीय कायद्याने तिथल्या जुगाराचे तीन वर्ग केले आहेत; त्यानुसार दुसऱ्या वर्गातील पत्त्यांच्या खेळांना, ज्यात पोकर सहसा मोडतो, राज्याने ठरवलेल्या वेळा आणि पणाच्या किंवा पॉटच्या मर्यादा पाळाव्या लागतात. स्लॉट यंत्रे तिसऱ्या वर्गात येत असल्याने त्यांच्या अटी जमात आणि राज्य यांच्यातील करारात ठरतात.