देशात बनवलं की लढाऊ विमान स्वस्त पडतं?
फिरणारा मेसेज असा: ‘परदेशातून घेण्यापेक्षा विमान इथेच बनवा, निम्म्यात पडेल.’ मजुरी इथे कमी, म्हणून पटतं. पण जुळणीची मजुरी हा किमतीचा लहानसा भाग. इंजिन, रडारचे महागडे भाग बहुधा बाहेरूनच येतात. शिवाय जिग (जुळणी करताना भाग नेमक्या जागी धरणारे सांगाडे), साचे, चाचणी-यंत्रणा, मूळ कंपनीला द्यायचं परवाना शुल्क, हा खर्च वेगळाच. समजा यंत्रसामग्री २,००० कोटींची: ४० विमानांवर वाटली तर प्रत्येकी ५० कोटी, २०० वर वाटली तर १०. नाशिकजवळ ओझरला बांधलेलं सुखोई-३० रशियातून तयार आलेल्यापेक्षा महागच पडलं. (दुरुस्तीचं कौशल्य मात्र इथे आलं, तेही मोलाचंच.) दोन आकडे ताडताना आधी बघा: किंमत नुसत्या विमानाची, की क्षेपणास्त्रं, सिम्युलेटर, सुटे भाग धरून? आणि कोणत्या वर्षाच्या डॉलर-दराने?